प्लेट २१, पळस: नक्कल करतानाच्या नोंदी

४ जानेवारी

शेवटी पळस ठरला. वनस्पतीचित्रांच्या जुन्या पुस्तकातली कोणती प्लेट, म्हणजे छापलेलं चित्र, हाताने नक्कल करायला घ्यायची, यावर दोन महिने हे करू की ते करू चाललं होतं. फ्रेंच चित्रकार रेदुतेच्या गुलाबांचा मोह फार होता, पण त्या प्लेट्स बारीक ठिपक्यांत कोरलेल्या, तांब्याच्या पत्र्यावरच रंगीत शाया लावून छापलेल्या आणि वरून ब्रशने सावरलेल्या. ते ठिपके हाताने आणायचे म्हणजे वेगळाच अभ्यास, नंतर कधीतरी. मला सध्या हवी होती ती एकाच शाईत नुसत्या रेषा छापून मग सगळी हाताने रंगवलेली प्लेट.

तर ही विल्यम रॉक्सबर्गच्या 'प्लांट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल' मधली. तीन खंड, १७९५ ते १८२०, एकूण ३०० प्लेट्स, पळस पहिल्याच खंडात २१ नंबरवर. नाव दिलंय ब्युटिया फ्रॉन्डोसा, आता ब्युटिया मोनोस्पर्मा म्हणतात. रॉक्सबर्ग कंपनीचा डॉक्टर, मद्रास इलाख्यात होता, त्याने इथले चित्रकार पगारावर ठेवून झाडं समोर ठेवून चित्रं काढून घेतली, ती लंडनला गेली, तिथे वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सच्या देखरेखीखाली त्यातली निवडक तांब्यावर कोरली गेली, छापली गेली, आणि मग रंगवणाऱ्यांनी एकेक कागद हाताने रंगवला. म्हणजे मी जिची नक्कल करणार ती स्वतःच नकलेची नक्कल आहे. आणि झाड ज्याने डोळ्यांनी बघितलं त्या चित्रकाराचं नाव पुस्तकात नाही. हे मला पहिल्या दिवसापासून टोचतंय म्हणून इथे लिहून ठेवते.

ओळखीतल्या एका काकांकडे याच प्लेटचं सुटं पान आहे, खरं जुनं, फ्रेम करून कित्येक वर्षं भिंतीवर. कोणीतरी कधीतरी पुस्तक फोडून पानं सुटी विकली त्यातलं. पुस्तकं अशी फोडणं मला पाप वाटतं, पण पान आता आहे आणि काका म्हणाले हवं तितक्या वेळा येऊन बघ. रेषा लायब्ररीच्या स्कॅनवरून घेणार, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर पूर्ण पुस्तक मोफत आहे. रंग मात्र काकांच्या पानावरून, कारण स्क्रीनवरच्या रंगाचा काही भरवसा नाही, एकच फूल फोनवर केशरी दिसतं आणि लॅपटॉपवर विटकरी.

दोन गोष्टी आधीच ठरवून टाकल्या. चित्राचा आकार मुळाच्या ९० टक्के ठेवायचा, म्हणजे उद्या कोणी हे जुनं म्हणून खपवू शकणार नाही. आणि कागद जुनाट दिसावा म्हणून चहाचं पाणी वगैरे काही लावायचं नाही.

७ जानेवारी

सरावासाठी एलिझाबेथ ब्लॅकवेलचं डँडेलियन केलं, तिच्या 'अ क्युरिअस हर्बल' मधली पहिली प्लेट. ही बाई मला फार भारी वाटते. नवरा कर्जापायी तुरुंगात, आणि हिने १७३७ ते १७३९ मध्ये ५०० वनस्पती स्वतः काढल्या, स्वतः तांब्यावर कोरल्या आणि स्वतः रंगवल्या. तिन्ही कामं एकाच हाताची, त्यामुळे रेष जिथे थांबते तिथे रंगाला पुढे काय करायचं ते आधीच माहीत असतं. पानाचा दाता रेषेत अर्धाच आहे, उरलेला अर्धा रंगाने पूर्ण होतो. सरावाला चांगली आहे, साधे वॉश, म्हणजे पातळ रंगाचे सपाट हात, फार थर नाहीत. दोन बैठकीत झालं.

१२ जानेवारी

कागद ताणला. ३०० जीएसएमचा, १०० टक्के कॉटन, हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत, त्याशिवाय बारीक रेष नीट बसत नाही. पाण्यात भिजवून बोर्डवर गमटेपने चिकटवला आणि सकाळी बघते तर एका कोपऱ्याची टेप सुटून कागद फुगलेला. टेप जास्त ओली केली की तिचा डिंकच वाहून जातो हे मला माहीत आहे, तरी प्रत्येक वेळी घाई होते. परत भिजवला, या वेळी टेप नुसती ओल्या स्पंजवरून ओढली, बसला.

आज अजून एक काम केलं. जुन्या रंगपेटीतली खरी गॅम्बोजची वडी माझ्याकडे आहे. कोरडी असताना मातकट तपकिरी, काही खास वाटत नाही, ओला ब्रश लावला की एकदम झगझगीत पिवळा सुटतो, प्रत्येक वेळी मला तितकंच आश्चर्य वाटतं. ही गार्सिनियाच्या झाडाचा चीक वाळवून करतात, आपलं कोकम ज्या गार्सिनिया गटातलं त्याच गटातली झाडं. पोटात गेली की जबरदस्त जुलाब होतात, त्यामुळे टोक काढायला ब्रश ओठांत धरायची सवय असेल तर हिच्यापासून लांब राहा. त्या काळात झाडापानांचा हिरवा बऱ्याचदा गॅम्बोज आणि प्रशियन ब्लू मिसळूनच व्हायचा. तर कागदाच्या एका पट्टीवर नुसता गॅम्बोज, त्याच्या खाली गॅम्बोज अधिक प्रशियन ब्लू, आणि त्याच्या खाली मी वापरणार ते आजचे रंग, असे तीन पट्टे ओढले, अर्धी पट्टी जाड काळ्या पुठ्ठ्याने झाकली आणि खिडकीच्या काचेला आतून चिकटवून टाकली. उन्हाने काय होतं ते बघू.

१९ जानेवारी

रेषा. आठवडा गेला पण मन भरलं.

आधी डिप पेनने सुरू केलं होतं, सगळं चुकीचं दिसायला लागलं. माझ्या पेनची रेष सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच जाडीची. कोरणीची रेष तशी नसते. कोरणी तांब्यात शिरते तेव्हा चर उथळ आणि अरुंद असतो, मधे खोल जाते तेव्हा रुंद होतो, बाहेर येताना परत निमुळता, आणि शाई त्या चरात भरते म्हणून छापलेली रेषही केसासारखी सुरू होते, पोटात फुगते आणि केसासारखी संपते. काकांच्या पानावर १०एक्स भिंग काचेवरून धरून बघितलं तर पानाच्या शिरेशेजारच्या छायेत अशा ११ रेषा एकाखाली एक आहेत, सगळ्या एकाच दिशेने वाकलेल्या, आणि सातवी थोडी लवकर संपते. सातवी लवकर का संपते तर तिथे खालची शिर फांदी फोडते आणि कोरणाऱ्याने तिला जागा करून दिलीय. हे बघितलं आणि पेन ठेवून दिलं. १ नंबरचा सेबल ब्रश, सेपियात थोडा काळा, पातळ. दाबत न्यायचं आणि उचलत यायचं. मनगट टेकलेलं, बोटं हलत नाहीत, हात कोपरापासून सरकतो. एका पर्णिकेला, म्हणजे पळसाच्या तीन भागांच्या पानातल्या एका भागाला, पावणेदोन तास लागले.

ट्रेसिंगच्या ग्रॅफाइटचा एक काळपट पट्टा डाव्या पर्णिकेजवळ पसरला होता, मळण्याच्या मऊ रबराने टिपून टिपून काढला, घासला नाही.

२ फेब्रुवारी

फुलं बिघडली. कागद टाकून द्यावा लागणार.

झालं काय ते नीट लिहिते कारण चूक हाताची नव्हती, डोक्याची होती. पळस मला पाठ आहे. पानं गळलेली असताना उघड्या फांद्यांवर फुटलेला, चोचीसारख्या वळलेल्या पाकळ्या, त्यावरची लव, किंशुक हे नावच 'हा पोपट तर नव्हे' असं विचारणारं. तर मी प्लेट समोर ठेवून पळस रंगवत बसले. केशरी भडक केला, वरच्या पाकळीवर लवेची चमक आणली, निदल, म्हणजे फुलाच्या तळाशी असलेलं बाहेरचं आवरण, जवळजवळ काळं केलं कारण खऱ्या फुलाचं तसंच असतं, आणि दोन दिवसांनी लांबून बघितलं तर फुलं माझी आणि रेषा दुसऱ्या कोणाच्या, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. रंगाने रेषा गिळून टाकल्या होत्या.

मग परत काकांच्या पानासमोर जाऊन बसले. लंडनमध्ये हे रंगवणाऱ्याने पळस बघितलेला नव्हता. त्याच्यासमोर नमुन्याचा रंगवलेला एक कागद असायचा, त्यावर बघून तो पुढचे करायचा, आणि बऱ्याच ठिकाणी तर एक जण फक्त हिरवा लावणार, तो कागद पुढे सरकवणार, दुसरा तांबडा लावणार. ही पद्धत किती चालली तर कर्टिसचं बोटॅनिकल मॅगझिन १७८७ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या प्लेट्स १९४८ पर्यंत हाताने रंगवल्या जात होत्या! अशा माणसाला फुलाची लव माहीत नाही, त्याला एवढंच माहीत की पिवळा आधी, तो वाळला की तांबडा कडेकडेने आणि मधे जागा सोडायची. ती मधली सोडलेली जागा म्हणजे त्याचा पळस. मी ती भरून टाकली.

म्हणजे मला झाड रंगवायचंच नाहीये. चित्रकाराचा हात, कोरणाऱ्याचा हात, रंगवणाऱ्याचा हात, या तिघांची नक्कल करायचीय, झाडाचं मला जे माहीत आहे ते बाजूला ठेवून. सोपं नाही, कारण माहीत असलेलं विसरायचं कसं.

जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर खरोखर हरताळ फासायचे, पिवळा हरताळ, आणि त्यावर परत लिहायचे. जलरंगात तेवढीही सोय नाही.

८ फेब्रुवारी

नवा कागद ताणला, या वेळी एकदाच. रेषा चार दिवसांत झाल्या, हाताला आता वाट माहीत आहे.

१५ फेब्रुवारी

फुलं झाली आणि आता बरोबर आहेत.

क्रम लिहून ठेवते. आधी सगळ्या फुलांवर पिवळा, अगदी पातळ, न्यू गॅम्बोज नावाने मिळतो तो आजचा टिकाऊ रंग. तो पूर्ण वाळू द्यायचा, हाताच्या पाठीला थंड लागत नाही इतका. मग पायरोल ऑरेंज, पाकळीच्या बाहेरच्या कडेने सुरू करून आत ओढत आणायचा आणि दुसऱ्या, नुसत्या ओल्या ब्रशने त्याची आतली कड विरघळवायची. मग क्विनॅक्रिडोनचा लाल, फक्त चोचीच्या वळणाखाली आणि देठाजवळ. तीन थर, बास. चौथा द्यावासा वाटतो तेव्हा उठून जायचं.

एका पाकळीवर पाणी जास्त झालं आणि कोबीच्या फुलासारखी कड धरून डाग उमटला. पुसला नाही, वाळल्यावर ओल्या ब्रशने कड सैल करून टिपकागदाने उचलला. दिसतो अजून, पण शोधणाऱ्यालाच.

निदलाला काळा वापरला नाही. काकांच्या पानावर तो रंग ऑलिव्हकडे झुकणारा तपकिरी आहे, मखमल वगैरे दाखवायचा प्रयत्नच नाही, सगळी मखमल रेषेत आहे, कोरणाऱ्याने तिथे आडव्या आखूड रेषा एकमेकींना छेद देत टाकल्यात. रंगवणारा वरून एक सपाट थर देऊन मोकळा. आणि तो थर एका जागी निदलाच्या बाहेर अर्धा मिलिमीटर सांडलाय. मी पण सांडला, मुद्दाम, आणि खरं सांगते, ते करताना त्याच्या शेजारी बसल्यासारखं वाटलं.

२३ फेब्रुवारी

पानं. पळसाला पानं तीन, पण वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने ते एकच पान आहे, तीन पर्णिकांचं. मधली शेंड्याची पर्णिका रुंद आणि साधारण दोन्ही बाजूंनी सारखी, बाजूच्या दोन तिरक्या, देठाच्या दोन बाजूंना सारख्या नसलेल्या. पहिल्या खेपेला मी बाजूच्या दोन्ही एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असल्यासारख्या ट्रेस केल्या होत्या, तशा त्या अजिबात नाहीत. फुलं आणि पूर्ण वाढलेलं पान एका कागदावर आहेत कारण अशी चित्रं झाडाचा एक दिवस दाखवत नाहीत, अख्खं वर्ष गोळा करून एका पानावर ठेवतात. ही मला या सगळ्या प्रकारातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

रंग इंडँथ्रोन ब्लू आणि थोडा पिवळा, काकांच्या पानावर आहे तसा निळसर, थंड हिरवा. काका शेजारी उभे राहून बघत होते, म्हणाले, "अगं पण पळसाचं पान इतकं निळं असतं का?" मी म्हटलं, "काका, झाड नाही बघायचं, पान बघायचं, हे तुमचं भिंतीवरचं." ते म्हणाले बरं बाई.

घरी आल्यावर लायब्ररीचा स्कॅन उघडला, फक्त रेषांसाठी बघत होते तो, आणि तिथे पान चक्क हिरवं. गवताकडे झुकणारं. फुलंही काकांच्या पानापेक्षा पिवळी. हाताने रंगवलेल्या दोन प्रती सारख्या नसतातच, त्यामुळे आधी मी ते सोडून दिलं, पण झोप लागली नाही. एका प्रतीत पान निळं आणि फुलंही लाल, म्हणजे दोन्हीकडून कमी झालंय ते पिवळंच.

१ मार्च

काकांना विचारून फ्रेम उघडली. त्यांनीच हळूच मागच्या खिळ्या काढल्या, मला हात लावायची भीती वाटत होती.

खिडकीच्या चौकटीसारखा कापलेला माउंट चित्रावर थोडा आत आलेला होता आणि उजव्या पर्णिकेचं टोक त्याच्याखाली इतकी वर्षं झाकलेलं होतं, जेमतेम चार मिलिमीटर. माउंट उचलला आणि ते टोक हिरवं. बाकी सगळी पर्णिका निळसर आणि ते एवढंसं टोक ताज्या हिरव्या रंगाचं, मधे माउंटच्या कडेची सरळ रेष, पट्टीने आखल्यासारखी. काका आणि मी दोघंही काही वेळ बोललोच नाही. मग काका म्हणाले, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं उन्हात ठेवून..." आणि पुढे बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं त्यांचा चेहरा बघून, मी म्हटलं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का, बंद पुस्तकात ते टिकलं असतं, ज्याने पुस्तक फोडलं त्याची चूक आधी.

कागदावर तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा दाबही आज नीट दिसला, बोट फिरवलं तर कळतो.

८ मार्च

खिडकीतली पट्टी काढली, आठ आठवडे झाले. पुठ्ठा उचलला. नुसता गॅम्बोज उघड्या बाजूला निम्म्याहून जास्त उतरलाय. त्याच्या खालचा हिरवा झाकलेल्या बाजूला पोपटाच्या पाठीसारखा आणि उघड्या बाजूला निळसर, काकांच्या पर्णिकेसारखाच. आजच्या रंगांचा पट्टा दोन्हीकडे सारखा.

आता प्रश्न असा की माझी नक्कल पूर्ण झालीय आणि ती निळ्या पानाची आहे. आज जसं दिसतं तसं ठेवायचं, की रंगवणाऱ्याने केलं होतं तसं? दोन दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला. आजचं पान हेही खरंच आहे, मी डोळ्यांनी बघून काढलंय. पण मी तिघांच्या हातांची नक्कल करायला बसले होते, आणि हा निळा तिघांपैकी कोणाच्याच ब्रशातून आलेला नाही, तो खिडकीतून आलाय. कागदाचा पिवळेपणा मी घेतला नाही, बुरशीचे तपकिरी ठिपके घेतले नाहीत, मग हा का घ्यायचा.

तिन्ही पर्णिकांवर पिवळ्याचा एक पातळ थर दिला, ६ नंबरचा ब्रश, एका पर्णिकेवर एकदाच वरून खाली, मागे फिरायचं नाही नाहीतर खालचा रंग हलतो. झाकलेल्या टोकाचा फोटो कलर कार्डासकट घेतला होता, त्याला समोर ठेवून छटा जुळवली. फुलांवर हात लावायला मन धजत नव्हतं, शेवटी फक्त मधल्या मोकळ्या जागांवर अगदी पाण्यासारखा पिवळा फिरवला. पान एकदम जवळ आल्यासारखं वाटलं, फुलं मागे सरकून नीट बसली.

१५ मार्च

शेवटचे हात. त्या काळी गडद भागांवर अरबी डिंकाचं पाणी द्यायचे, रंग खोल दिसतो आणि तिरकं धरलं की चमकतो. देठाच्या खालच्या बाजूला आणि निदलावर दिलं. पहिलं मिश्रण घट्ट झालं होतं, सरावाच्या कागदावर वाळल्यावर बारीक तडे गेले, म्हणून डिंक निम्मा केला.

मधल्या पर्णिकेचं टोक मुळापेक्षा दोन मिलिमीटर डावीकडे गेलंय. ट्रेसिंग हललं असणार. तसंच राहील.

काकांनी त्यांची फ्रेम आतल्या पॅसेजमध्ये हलवली, जिथे दिवसाचा उजेड थेट येत नाही, आणि माउंट थोडा मोठा कापून घेतला म्हणजे ते हिरवं टोकही दिसतं. मी म्हटलं होतं की झाकूनच ठेवा म्हणजे टिकेल, ते म्हणाले, "मला बघायचंय गं, माझ्या हातात अजून किती वर्षं आहेत." पॅसेजमधला दिवाही आता गरज असेल तेव्हाच लावतात.

कागदाच्या मागे पेन्सिलने लिहिलं:

चित्र: कोरोमंडल किनाऱ्यावरचा चित्रकार, नाव छापलेलं नाही.
तांब्यावर कोरणारा, हाताने रंगवणारा: लंडन, १७९५.
ही नक्कल, मुळाच्या ९० टक्के. पानांचा हिरवा एका सुट्या प्रतीच्या झाकलेल्या टोकावरून.
रंग: न्यू गॅम्बोज, पायरोल ऑरेंज, क्विनॅक्रिडोन लाल, इंडँथ्रोन ब्लू, सेपिया, काळा. वरून अरबी डिंक.

पुढचा कागद भिजत घातलाय. प्लेट याच पुस्तकातली घेणार, पण या वेळी रंग बंद पुस्तकातल्या प्रतीवरून.